गार्डच्या पाठीवरचा हात

खेळाडू खाली वाकून एक हात गवतात टेकवतो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, बोटांकडे बघतो. अंगाचा भार पुढे असेल तर बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. भार मागे गेला असेल तर बोटं गवताला नुसती शिवलेली असतात, त्यांचा रंग बदललेला नसतो. तेवढ्यावरून मला कळतं, हा पोरगा आता समोरच्याला ढकलणार आहे की उठून बाजूला पळणार आहे. आणि मला कळतं म्हणजे समोरच्या बचाव रांगेच्या मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरलाही कळतं. त्या बोटांच्या रंगापायी आम्ही एक सामना गमावला, तेव्हापासून ही सवय लागली.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, ॲपलटनच्या आसपासच्या एका शाळेत मी अमेरिकन फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक आहे. रांगेतल्या मुलांना, म्हणजे चेंडू ज्यांच्या वाट्याला कधी येत नाही त्यांना, शिकवणं हे माझं काम. पोटाची नोकरी वेगळी. फॉक्स नदीच्या काठाने इथे कागदाच्या गिरण्या आहेत, त्यांची यंत्रं सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पहिली पाळी करून दुपारी मुलाला आणायला शाळेत जायचो आणि सराव संपेपर्यंत कुंपणाला टेकून उभा राहायचो. एके दिवशी मुख्य प्रशिक्षकांनी हाक मारली, "रोज नुसते उभे असता, तर ही ढाल धराल का जरा?" ढाल म्हणजे फोमची जाड गादी, ती धरून उभं राहायचं आणि पोरांनी येऊन धडक द्यायची. मी धरली. मुलगा शाळा संपवून केव्हाच बाहेर पडला, मी अजून तिथेच आहे.

हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेला असतो, म्हणून दोन शब्द. बाजूला अकरा-अकरा जण. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, ही पाच जणांची रांग. त्यांच्यामागे चेंडू वाटणारा क्वार्टरबॅक आणि चेंडू घेऊन पळणारे हाफबॅक, फुलबॅक. मैदानाची रुंदी १६० फूट. समोर अकरा जण अंगावर यायला टपलेले असताना मधून घुसायचं, की कडेने वळसा घालायचा, हा या खेळातला सगळ्यात जुना प्रश्न. वळसा घालायच्या चालीला स्वीप म्हणतात. केर काढताना केरसुणी एका अंगाला फिरावी तशी आमची माणसं एका बाजूला फिरतात.

उजवीकडचा स्वीप सांगतो. उजव्या टोकाचे तिघे, म्हणजे टॅकल, त्याच्या शेजारचा टाइट एंड आणि त्याच्या बाहेर जरा मागे उभा असलेला विंगबॅक, सरळ समोर न जाता आतल्या अंगाला तिरके घुसतात आणि तिथल्या माणसाला दाबून धरतात. ही झाली आतली भिंत. दोन्ही गार्ड मात्र समोरच्याला सोडून देतात, वळतात आणि रांगेच्या पाठीमागून उजवीकडे पळत सुटतात. याला आम्ही पुल करणं म्हणतो. उजवा गार्ड आधी पोचतो. कड राखायला उभा असलेला जो बचावपटू असतो, बहुधा कॉर्नरबॅक, त्याला तो आतून बाहेर, साइडलाइनकडे रेटतो. ही बाहेरची भिंत. या दोन भिंतींमधे जी फट पडते तिच्यासाठी इथले लोक गल्ली या अर्थाचा शब्द वापरतात. मी मनात तिला बोळ म्हणतो. गल्लीतून गाडी जाते. इथून एका वेळी एकच माणूस जातो, तोही खांदे चोरून. डावा गार्ड सगळ्यात लांबून येतो, त्या बोळात वळतो आणि समोर दिसेल त्या लाइनबॅकरला भिडतो. त्याच्या मागोमाग चेंडू घेतलेला हाफबॅक. एवढ्यात फुलबॅकने आपल्याकडेच चेंडू असल्यासारखं मधे घुसलेलं असतं, आणि क्वार्टरबॅक रिकामे हात मांडीआड लपवून उलट्या दिशेला पळत असतो. लिहायला इतक्या ओळी लागल्या. मैदानात हे चार-पाच सेकंदांत संपतं.

आम्ही खेळतो तो प्रकार डेलावेअर विद्यापीठात वाढला. डेव्हिड नेल्सन यांनी त्याची घडी बसवली आणि त्यांच्यानंतर टबी रेमंड यांनी १९६६ ते २००१ इतकी वर्षं तीच पद्धत चालवून ३०० सामने जिंकले. पण ग्रीन बेपासून तासाभराच्या आत राहणाऱ्या माणसापुढे स्वीप हा शब्द काढा, तो विन्स लोम्बार्डींचंच नाव घेईल. १९५८ साली ग्रीन बे पॅकर्सनी बारा सामन्यांत एकच जिंकला होता. पुढच्या वर्षी लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी संघाला सगळ्यात आधी शिकवलेली चाल ही. त्या वर्षी सात सामने जिंकले आणि १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच वेळा अजिंक्यपद मिळवलं. समोरच्यांना माहीत असायचं की स्वीप येणार आहे, तरी तो अडत नसे. जॉन मॅडन, जे पुढे स्वतःच मोठे प्रशिक्षक झाले, ते तरुणपणी लोम्बार्डींचं एक शिबिर ऐकायला गेले होते. या एका चालीवर लोम्बार्डी आठ तास बोलले, असं मॅडन पुढे आयुष्यभर सांगत. लोक याला अतिशयोक्ती समजतात. मला त्यात काही नवल वाटत नाही. लोम्बार्डी मुळात शाळामास्तर होते. न्यू जर्सीत एका शाळेत लॅटिन, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान शिकवत आणि संध्याकाळी पोरांना मैदानावर घेत. एका पावलावर तासभर कसं बोलायचं हे मास्तरालाच कळतं.

त्या संघात चेंडू घेऊन धावणारे पॉल हॉर्नंग आणि जिम टेलर. त्यांच्यापुढे पळणारे गार्ड जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन. टेलर १९७६ मधे या खेळाच्या हॉल ऑफ फेममधे गेले, हॉर्नंग १९८६ मधे. क्रेमर यांचा नंबर लागला २०१८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी. थर्स्टन तोवर हयातही नव्हते. ही तारीख मी दर वर्षी ऑगस्टमधे नव्या पोरांना सांगतो. वाईट वाटून घ्या म्हणून नाही. आपण कुठल्या कामाला उभे राहतोय ते त्यांना पहिल्या दिवशीच कळलेलं बरं.

मला स्वीप समजायला सोपा गेला तो एका बाजूने. मी कराडकडचा. शाळेत कबड्डी खेळायचो, डावा कोपरा. कोपऱ्यातल्या माणसाचं काम वाट बघण्याचं असतं. चढाईवाला पाय पुढे टाकून तुम्हाला खुणावतो. तुम्ही उतावळे झालात की तो हात लावून परत गेलेला असतो आणि साखळी नुसती बघत राहते. म्हणून इथल्या कॉर्नरबॅकच्या मनात काय चाललंय ते मला न सांगता कळायचं. त्याला कडेने कुणाला सुटू द्यायचं नाही, एवढी एकच ताकीद असते. त्यामुळे तो बाहेरचा खांदा जपतो. जो बाहेर राहायलाच धडपडतोय त्याला बाहेर ढकलायला फारशी ताकद लागत नाही. त्याच्या आणि बोळाच्या मधे आपलं अंग घातलं की झालं. आणि कधी तो शहाणपणा करून आत घुसला, तर त्याच्याशी भांडायचं नाही. आतच दाबून टाकायचा, धावणारा बाहेरून जातो. हे मी उजव्या गार्डला, ६७ नंबरला, एका आठवड्यात शिकवू शकलो.

चुकलो ते दुसऱ्याच बाबतीत.

माझी समजूत अशी होती की स्वीप म्हणजे वेग. आमचा हाफबॅक, २२ नंबर, शाळेतला सगळ्यात चपळ मुलगा. उन्हाळ्याआधी तो धावण्याच्या शर्यतींत भाग घ्यायचा. मी त्याला सांगितलं, चेंडू मिळाला की कड गाठ, मागे बघू नको. त्याने ऐकलं. डाव्या गार्डला, ६२ नंबरला, तो तिसऱ्या-चौथ्या पावलाला मागे टाकायचा आणि एकटाच साइडलाइनकडे पळत जायचा. तिथे कॉर्नरबॅक असायचा, मागून लाइनबॅकर यायचा, आणि साइडलाइन तर असायचीच; ती रेघ ओलांडली की खेळ थांबला. कधी एक यार्ड, कधी शून्य, कधी दोन यार्ड मागेच. मला वाटायचं अजून वेग हवा. मी दोघांनाही धाप लागेपर्यंत पळवायचो. अख्खा एक हंगाम यात गेला. नोव्हेंबरमधे सामान आवरताना मुख्य प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "पोरगा तिथे वेळेवर पोचतो हो. रस्ता पोचलेला नसतो."

तो अख्खा हिवाळा ते वाक्य माझ्या डोक्यात होतं.

आमच्या लहानपणी आई मला पालीच्या खंडोबाच्या जत्रेला न्यायची. पौषातली ती गर्दी, हवेत उधळलेला भंडारा, चार हातांवरचं दिसायचं नाही. आई म्हणायची, पदर सोडू नकोस. मी पदराचं टोक मुठीत धरून चालायचो. ती थांबली की मी थांबायचो, ती वळली की मी वळायचो. कुठे चाललोय ते मला ठाऊक नसायचं. पदर ताणला की चाल वाढवायची, सैल पडला की हळू व्हायचं, एवढंच.

पुढच्या ऑगस्टमधे, सरावाच्या पहिल्या आठवड्यात, मी चेंडू पेटीत ठेवून दिला. ६२ ला पुढे उभं केलं, २२ ला त्याच्या मागे, आणि त्याचा डावा तळवा ६२ च्या पाठीवर ठेवायला सांगितला. उजवीकडच्या स्वीपमधे चेंडू उजव्या बगलेत असतो, डावा हात मोकळाच. म्हटलं, आता चालायचं. पळायचं नाही. हात पाठीवरून सुटला तर परत पहिल्यापासून. पोरं हसली. मी त्यांना जत्रेची गोष्ट सांगितली, पदर म्हणजे काय तेही सांगितलं. हसणं थांबलं. तीन दिवस आम्ही नुसते चाललो. चौथ्या दिवशी दुडक्या चालीने, आठवड्याच्या शेवटी धावत.

हात मी २२ साठी लावला होता. त्याने थांबायला शिकावं, पुढच्याच्या चालीने चालावं, आणि गार्ड भिडल्यावर त्याच्या ज्या बाजूला उजेड दिसेल तिथून एकदाच वळून सुटावं, एवढाच हेतू. पण खरा बदल ६२ मधे दिसला. तो थोराड बांध्याचा, अबोल मुलगा. पुल करताना तो सतत मान वळवून मागे बघायचा, २२ आला का, कुठून आला, आपण त्याच्या वाटेत तर नाही ना. त्या बघण्यात त्याचं अर्धं पाऊल जायचं आणि लाइनबॅकर हातचा निसटायचा. मला वाटायचं तो मंद आहे. तो मंद नव्हता. आपण कुणाच्या तरी आड येतोय या भीतीने तो आखडत होता. पाठीवर हात आल्यावर त्याला मागे बघायची गरजच उरली नाही. हात आहे म्हणजे तो आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पाहिलं, ६२ बोळात वळला तो मान ताठ, डोळे समोर, आणि ढाल धरलेल्या माणसाला त्याने चार पावलं मागे नेलं. ती ढाल मीच धरलेली होती. माझ्या बरगड्यांना दोन दिवस ते जाणवत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन मी तो प्रसंग बायकोला स्वयंपाकघरात उभा राहून करून दाखवला.

ती पहिली दोन वर्षं एकाही सामन्याला आली नव्हती. डोक्याच्या दुखापतींचं वाचून ती घाबरलेली असे, आणि ती भीती काही खोटी नाही. म्हणून माझ्या शिकवण्यात पहिला धडा धडकेचा नसतो, मानेचा असतो. डोकं वर, डोळे उघडे, भिडायचं ते हातांनी आणि खांद्याने. डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी मुलगा बाहेर, आणि आरोग्य तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत मैदानात नाही. या राज्यात तसा कायदाच आहे. त्यात मी कुणाचं ऐकत नाही, मुलाच्या वडिलांचंही नाही.

सप्टेंबरमधे मग तो बोटांचा सामना आला. स्वीप छान बसला होता, दोन सामन्यांत भरपूर यार्ड निघाले होते, आणि त्या शुक्रवारी रात्री समोरचा मधला लाइनबॅकर दर वेळी आमच्या आधी बोळाच्या तोंडाशी. चेंडू हलायच्या आधीच तो उजवीकडे झुकलेला. आम्हाला वाटलं आपल्या खुणा फुटल्या. शनिवारी सकाळी व्हिडिओ दहा वेळा पाहिला. वरून घेतलेल्या चित्रात फक्त एवढंच दिसत होतं की पुल करायच्या आधी ६२ ची बैठक जराशी मागे येते. मी त्याला मैदानावर बोलावलं. दव पडलेलं होतं. म्हटलं, खाली बस, आता मधून घुसायची चाल आहे असं समज. मी गुडघे टेकून त्याच्या हातापाशी वाकलो. पेरं पांढरी, नखांच्या कडा लालभडक. आता स्वीप समज. बोटं गवतावर नुसती ठेवलेली, दवाचे थेंबसुद्धा मोडले नव्हते.

त्याचा दोष नव्हता. पहिलं पाऊल झटकन पडावं म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो, आणि त्याच्या अंगाने आपल्यापरीने उपाय शोधला होता. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. मग आम्ही दोघं तासभर तिथे होतो. तो वाकायचा आणि मी त्याचा टेकलेला हात अचानक बाजूला सारायचो. तोंडावर पडला तर भार फार पुढे. जागचा हललाच नाही तर भार मागे. किंचित डगमगून सावरला, की बरोबर. आणि तीच बैठक प्रत्येक चालीला, चेंडू कुठेही जाणार असो. पाऊलही आम्ही नव्याने घातलं: उजवीकडे जाताना उजवं पाऊल आधी जरा मागे उघडायचं, त्याच वेळी उजवं कोपर जोरात मागे ओढायचं, म्हणजे कंबर आपोआप फिरते. सरळ आडवं पळालं तर आपल्याच सेंटरच्या किंवा टॅकलच्या पायात पाय अडकतात. पाव यार्ड मागून गेलं तर वाट मोकळी. हे पाव यार्ड त्या पोराने किती वेळा गिरवलं असेल त्याची मोजदाद नाही. शाळेच्या व्हरांड्यात, डबे ठेवायच्या कपाटांसमोर, त्याला दप्तर पाठीवर असताना कोपर मागे ओढताना मी पाहिलं आहे.

त्या हंगामातला शेवटचा सामना ऑक्टोबरअखेरचा, बाहेरच्या गावी. बाहेर खेळताना आमचे शर्ट पांढरे असतात. दुपारपासून पाऊस. मैदानाच्या मधोमध गवत उरलं नव्हतं. चेंडू फेकायची सोयच नव्हती, त्यामुळे आम्ही स्वीप खेळत राहिलो, आणि लाइनबॅकर स्वीपच्या मागे पळायला लागला की फुलबॅकला खरोखरच चेंडू देऊन मधून. चौथ्या सत्रातली एक चाल माझ्या डोळ्यांपुढे आहे. आम्ही डाव्या बाजूला होतो, उजवीकडे मैदान मोकळं. ६२ ची बोटं मला साइडलाइनवरून दिसणं शक्य नव्हतं, पण बैठक हलली नाही. चेंडू उठला. ६७ ने कॉर्नरबॅकला दोन्ही हात लावून साइडलाइनकडे नेलं. ६२ चिखलातून आला, वळला. त्याच्यामागे २२ जवळजवळ चालत होता. शाळेतला सगळ्यात चपळ मुलगा, हात पुढच्याच्या पाठीवर, वाट बघत. माझ्या शेजारी उभा असलेला राखीव खेळाडू ओरडला, "पळ ना!" ६२ लाइनबॅकरला भिडला आणि त्याला डावीकडे घेऊन गेला. तेव्हा २२ चा हात सुटला, आणि तो सुटला. १४ यार्ड.

लाउडस्पीकरवर २२ चं नाव आलं. २२ उठला, चेंडू पंचांकडे दिला आणि मागे वळून ६२ ला चिखलातून ओढून उभं केलं.

परतीच्या बसमधे पोरांनी भिजलेले शर्ट काढले. शर्ट गोळा करून शाळेच्या मशीनला लावायचं काम माझ्याकडे असतं. ६२ चा शर्ट पिशवीत टाकताना मी थांबलो. पाठीवर, ६ आणि २ च्या मधे, चिखलाचा तळवा उमटला होता. एकच नव्हे, एकावर एक बसलेले कितीतरी, सगळे साधारण एकाच जागी; चार बोटं वर आणि अंगठा उजवीकडे. मग मी ६७ चा शर्ट शोधून काढला. डावीकडच्या स्वीपला बोळात शिरायचं काम त्याचं. त्याच्या पाठीवर उजवा तळवा, अंगठा डावीकडे.

मी ६२ चा शर्ट वर धरून २२ ला दाखवला. तो दोन बाकं ओलांडून आला आणि त्याने आपला डावा हात त्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला. ६२ खिडकीला टेकून सँडविच खात होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोच, नाही का निघणार तो डाग?"

म्हटलं, आधी थंड पाण्यात भिजत घालतो.